कागदात न लिहिलेला जिना

काजूच्या टेकडीवर घर घ्यायचं तर पैसे मागाहून लागतात, आधी लिंदाउरामावशी लागते. घर बघायला जायचं ठरलं की माणसं तिला हाक मारतात, आणि ती पायात चपला सरकवून, टोपलीतलं एक लिंबू खिशात टाकून निघते. ती लांबून येताना दिसली की घरमालकाचा चेहरा पडतो. ज्याचा पडत नाही त्याचं घर चांगलं असणार, असं ती म्हणते, आणि बहुतेक वेळा तसंच निघतं.

लिंबाचं काम सोपं आहे. खोलीच्या मध्यावर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. लिंबू जागचं हललं नाही तर ठीक. हळूच एखाद्या कोपऱ्याकडे निघालं, तर त्या कोपऱ्याखालची माती चाललीय असं समजायचं. आमची टेकडी उभ्या चढाची आहे, जूनच्या पावसात उतार सुटतो, घरंच्या घरं खालच्या गल्लीत येऊन बसलेली आम्ही पाहिलीत. तेव्हा तिच्या लिंबाला कुणी हसत नाही.

बाकी तिचं बोलणं चालूच असतं. "रंगाचा वास येतोय ना? सगळं घर रंगवलं असेल तर मालक हौशी. एकच भिंत रंगवली असेल तर मालक लबाड." "घर रविवारी दुपारी बघायचं. सगळ्यांचे रेडिओ चालू असतात. तो गोंगाट तुला चालला तर उरलेले सहा दिवस फुकट." "संध्याकाळी सहाला नळ सोडायचा. सगळी टेकडी कामावरून येऊन आंघोळीला लागते तेव्हा जे पाणी येईल ते तुझं. सकाळी दहाला नळ सोडून दाखवतो त्याला नमस्कार कर आणि निघ." विकणाऱ्यालाही ती सोडत नाही. "भिंतीला ओल आहे? मग तूच सांगून टाक. गिऱ्हाइकाच्या सासूने शोधून काढली तर निम्म्यात घालवशील घर. आणि घर दाखवताना तोंड बंद ठेव. जितकं बोलशील तितकं त्याला वाटेल हा काहीतरी लपवतोय."

हे ज्ञान तिला पुस्तकातून आलेलं नाही. तीस वर्षं ती साल्व्हादोर शहराच्या बसमध्ये कंडक्टर होती. बसमधल्या, माणसं मोजून आत सोडणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी उंच खुर्चीवर बसून तिने ही टेकडी दिवसातून आठ वेळा पाहिली. कुठलं घर कधी उठलं, कुणाच्या भिंतीला कुठल्या वर्षी टेकू लागला, कोण सामान बांधून कुठे निघालं, सगळं तिच्या डोळ्यांखालून गेलं. नवरा साओ पावलोला कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल ती बोलत नाही आणि आपणही विचारायचं नाही.

आमच्याकडे घर एकदम बांधत नाहीत, हे तुम्हाला सांगायला हवं. आधी तळमजला. मग त्याच्यावर स्लॅब. मग पैशाची नड आली की तो स्लॅब विकायचा. घेणारा त्याच्यावर आपला मजला बांधतो. पैसेवाली माणसं जमीन विकत घेतात, आम्ही दुसऱ्याच्या डोक्यावरची जागा विकत घेतो.

लिंदाउरामावशीनेही तशीच घेतली, एकोणीस वर्षांपूर्वी. खालच्या गल्लीत वाल्देमिरोकाकांचा तळमजला होता. काका गोदीत हमाली करून निवृत्त झालेले, पोरबाळ नाही, माणूस सोन्यासारखा. वस्तीच्या मंडळाच्या टेबलावर कागद झाला. स्लॅब, सहा मीटर रुंद, नऊ मीटर लांब, वर बांधायच्या हक्कासह. दोन साक्षीदार, शिक्का, सगळं रीतसर. फक्त जिना लिहायचा राहिला. काकांच्या अंगणातून भिंतीला लागून वर जाणाऱ्या बावीस पायऱ्या. त्या लिहायचं कुणाच्या मनातच आलं नाही, कारण त्या समोरच होत्या. त्याच पायऱ्या उतरून तर सगळे सही करायला गेले होते.

ही चूक तिच्या लक्षात आली दोन वर्षांनी, तीही दुसऱ्याचा कागद तपासताना. "यात जिना कुठाय?" असं ती त्या माणसाला म्हणाली आणि तिला स्वतःचा कागद आठवला. तेव्हापासून जिना लिहिल्याशिवाय तिने एकही कागद पुढे जाऊ दिला नाही. कपडे वाळत घालायची दोरी, विजेचं मीटर, वरच्या मजल्याचा हक्क, सगळं ती लिहायला लावते. स्वतःचं मात्र राहिलं. वाल्देमिरोकाका रोज संध्याकाळी सर्वांत खालच्या पायरीवर बसून शेंगा सोलायचे, ती कामावरून आली की बाजूला सरकून वाट द्यायचे आणि मूठभर दाणे तिच्या हातावर ठेवायचे. अशा माणसाला काय म्हणणार, की काका, तुमचं वय झालं, तेवढं लिहून द्या? पुढच्या वर्षी बोलू, पुढच्या वर्षी बोलू, असं करत सतरा वर्षं गेली. दुसऱ्यांच्या भिंतीतल्या भेगा मोजणारी ही बाई स्वतःच्या दारात आंधळी झाली, मी तर स्पष्टच म्हणतो.

यंदा कार्निव्हल संपलं आणि काका गेले. झोपेतच गेले. मावशी सख्खा बाप गेल्यासारखी रडली.

एप्रिलमध्ये फेइरा दे सांतानाहून काकांचा पुतण्या आला. नाव जोझेनिल्दो, मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान, काळा चष्मा कायम कपाळावर चढवलेला. काका आजारी असताना हा कधी दिसला नव्हता. आल्या आल्या त्याने जिन्याच्या पायथ्याशी लोखंडी फाटक बसवलं आणि एक किल्ली मावशीच्या हातात दिली.

"ही सध्यापुरती हं, मावशी," तो म्हणाला.

"सध्यापुरती म्हणजे?"

"म्हणजे माझ्या काकाने तुम्हाला स्लॅब विकला. जिना विकला नाही. कागद वाचा."

"एकोणीस वर्षं मी याच जिन्याने चढतेय."

"काकाच्या मेहेरबानीने. आता काका नाही." त्याने चष्मा सारखा केला. "मला खालचं घर विकायचंय. घेणाऱ्याला अंगण मोकळं लागतं, कुणाची ये-जा नको असते. सांजांवचा सण होईपर्यंत वापरा. मग मी इथे भिंत घालणार. नाहीतर असं करा, तुमचा मजला मलाच देऊन टाका."

आणि त्याने जो आकडा सांगितला त्यात आमच्या टेकडीवर न्हाणीघरही येत नाही.

"एवढ्यात?" मावशी म्हणाली.

"ज्या मजल्याला जिना नाही तो दुसरं कोण घेणार? तुम्हीच सांगा. तुम्ही तर यातल्या जाणकार."

कुणी तिला विचारलं असतं, मावशी, असा असा मजला आहे, जिना नाही, घेऊ का, तर तिनेही हेच सांगितलं असतं. सांजांव चोवीस जूनला. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने होते, आणि मग वयाच्या साठाव्या वर्षी घर सोडून भाड्याची खोली शोधायची.

टेकडीवर बातमी पसरायला काय वेळ लागतो. कुणी म्हणालं कुलूप तोड, कुणी म्हणालं कोर्टात जा. "निकाल लागेपर्यंत खिडकीतून दोरीने उतरू का?" असं म्हणून तिने त्यांना वाटेला लावलं. आणि काही जण हसलेसुद्धा. इतकी वर्षं सगळ्यांच्या घरात लिंबू फिरवलं, स्वतःच्या घरात ठेवायला विसरली, असं बोलले. ते तिच्या कानावर गेलं. दोन दिवस तिने दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, कॉफी घेतली, चपला घातल्या, टोपलीतलं लिंबू खिशात टाकलं आणि वही घेऊन स्वतःच्याच घराच्या दारात, परक्या बाईसारखी उभी राहिली. हे घर मला कुणी दाखवायला आणलंय असं समजायचं, तिने ठरवलं. खोलीच्या मध्यावर लिंबू ठेवलं. गप्प उभी राहिली. लिंबू जागचं हललं नाही. तिला रडूच आलं. इतकं सरळ घर, एक एक वीट आपल्या पगारातली, आणि ते हातचं जायचं म्हणजे काय.

रडून झाल्यावर ती पुढे तपासायला लागली, कारण काम अर्ध्यात सोडायची तिला सवय नाही. छपरावर चढली. तिथे दोन निळ्या टाक्या. एक तिची. दुसरी खालच्या घराची. पूर्वी ती काकांच्या स्लॅबवर होती, मावशीने मजला चढवला तेव्हा उचलून वर ठेवली. खालच्या घराला नळाचं पाणी तिथूनच जातं. वहीत लिहिलं, टाकी, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग खाली येऊन तिने मागची खिडकी उघडली. ही खिडकी नऊ वर्षं बंद होती, उघडताना बिजागऱ्या ओरडल्या.

समोर वरची गल्ली. टेकडी इतकी उभी, की मावशीचा वरचा मजला आणि वरच्या गल्लीची जमीन जवळजवळ एका पातळीत. मधे एक घळ, तळाशी सांडपाण्याचा ओढा. पलीकडे दगडी बांध, बांधावर काजूचं झाड, झाडाखाली क्रेउझाचं अंगण.

तिने बिरामिस्त्रीला बोलावलं. बिरा म्हणजे टेकडीवरच्या निम्म्या घरांचा गवंडी. त्याने खिडकीतून फीत टाकून अंतर मोजलं आणि दात कोरत म्हणाला, "अडीच मीटर. इकडे तुझ्या भिंतीत तुळया, तिकडे बांधावर, मधे स्लॅब. एका रविवारचं काम. खिडकीचं दार करू. तू खालच्या गल्लीचा वरचा मजला आहेस ना, त्याची वरच्या गल्लीचा तळमजला होशील."

"आणि त्या जोझेनिल्दोची टाकी माझ्या छपरावर आहे."

"मग बंद कर की त्याचं पाणी. आजच गुडघ्यावर येईल."

"रिकाम्या घराला तहान लागते होय? आणि उद्या तिथे जे राहायला येतील त्यांनी माझं काय वाकडं केलंय?" तिने वही मिटली. "ते राहू दे. बांधाचं बोल."

"बांध क्रेउझाचा आहे," बिरा म्हणाला आणि फीत गुंडाळायला लागला.

क्रेउझा आणि लिंदाउरा एका वयाच्या, एकेकाळी जिवाभावाच्या. नऊ वर्षांपूर्वी क्रेउझाने घर विकायला काढलं. चांगलं गिऱ्हाईक आलं, आणि रीतीप्रमाणे येताना लिंदाउरामावशीला घेऊन आलं. मैत्रिणीचं घर. लिंबू ठेवलं तर ते घरंगळत थेट मागच्या भिंतीला जाऊन टेकलं. मावशीने गिऱ्हाइकाला खरं तेच सांगितलं. भिंत फुगलीय, घेऊ नका. घर विकलं गेलं नाही. क्रेउझाने दारातून तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि त्यानंतर एक शब्द नाही.

आता त्याच दारात जायचं. मावशीला दोन रात्री झोप आली नाही. पण गेली. फाटकाचं कुलूप काढून खालच्या गल्लीत उतरली, टेकडीला वळसा घालून एकशे चाळीस पायऱ्या चढली आणि धापा टाकत काजूच्या झाडाखाली उभी राहिली. क्रेउझा मक्याची कणसं सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"वाट चुकलीस का गं?"

"नाही. मागायचंय काहीतरी."

"कळलं मला. टेकडीवर सगळ्यांना कळलंय." कणीस टोपलीत टाकलं. "खिशात लिंबू आहे का?"

"आहे. सवयच आहे."

"आण इकडे."

क्रेउझाने लिंबू घेतलं, तिला हाताला धरून घरात नेलं आणि मागच्या खोलीत, त्याच भिंतीपाशी, जमिनीवर ठेवलं. दोघी बघत उभ्या राहिल्या. लिंबू हललं नाही.

"तू गेलीस त्याच महिन्यात पाडली मी ती भिंत," क्रेउझा म्हणाली. "खडक लागेपर्यंत खणलं. पुढच्या जूनमध्ये शेजारच्या दोन घरांचा बांध गेला, आठवतं? त्या रात्री माझी नात या भिंतीला डोकं लावून झोपली होती."

लिंदाउरामावशीने वाकून लिंबू उचललं. मग म्हणाली, "मग नऊ वर्षं बोलली का नाहीस माझ्याशी, बये?"

"तू चुकली असतीस तर बोलले असते. तू बरोबर होतीस ना, म्हणून राग जाईना." क्रेउझाने डोळे पुसले आणि लगेच तोंड वाकडं केलं. "बांध देते मी. पण लिहून. तोंडी मागशील तर देणार नाही. आज मी आहे, उद्या माझी पोरं कशी निघतील कोण जाणे. तो म्हातारा चांगला होता म्हणूनच तुझी ही गत झालीय. मंडळात चल, आत्ताच. कणसं मागाहून सोलू."

आणि त्या दोघी, नऊ वर्षं एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या, भर दुपारी हातात हात घालून मंडळाच्या कार्यालयात निघाल्या. अख्खी वरची गल्ली दारात येऊन बघत होती.

सांजांवच्या आधीच्या रविवारी स्लॅब टाकला. आमच्याकडे स्लॅब म्हणजे मजुरी लावून करायचं काम नव्हे. बोलावणं पाठवायचं, पातेलं चढवायचं आणि सकाळी सहाला कोण कोण येतं ते बघायचं. मावशीला वाटलं होतं दहा-बारा माणसं येतील. साठाच्या वर आली. जिच्या घराला तिने चांगलं म्हटलं होतं ती आली, आणि ज्याला तिने घर घेऊ दिलं नव्हतं तोही आला. "ते घर वाचलं नाही, पण तुमच्यामुळे मी वाचलो," म्हणाला आणि फावडं उचललं. हसणारेही आले होते, मान खाली घालून. मावशीने त्यांना सर्वांत जड डबे दिले.

वरच्या गल्लीत वाळू, खडी आणि सिमेंटचा ढीग, मधे पाण्याचं आळं, भोवती सहा फावडी. तिथून खांद्या-खांद्यावरून डबे जायचे आणि बांधावर उभा राहून बिरामिस्त्री शिव्या घालत ओतून घ्यायचा. स्लॅब एका दमात व्हावा लागतो. मधे थांबलं तर सांधा राहतो आणि सांध्यातून पाणी शिरतं. दहा वाजता आभाळ भरून आलं. डबे दुप्पट वेगाने जायला लागले. क्रेउझाने घरातली, दारातली, शेजारच्यांच्या कपाटातली सगळी प्लॅस्टिकं गोळा करून ठेवली होती. शेवटचा डबा पडला, बिराने फळी फिरवून पृष्ठभाग सारखा केला, प्लॅस्टिक पसरलं, आणि मगच पाऊस आला.

काजूच्या झाडाखाली ताडपत्री बांधून सगळे जेवले. खारवलेलं मांस घालून शिजवलेल्या घेवड्याची दोन मोठी पातेली, भात, भाजलेलं कसाव्याचं पीठ, संत्र्याच्या फोडी, थंड बिअर. मावशी वाढता वाढता सारखी वळून त्या अडीच मीटरकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता, आणि ती लपवतही नव्हती.

आठवड्याने खिडकी फोडून दार केलं आणि ती नव्या स्लॅबवरून चालत क्रेउझाच्या अंगणात कॉफी प्यायला गेली. पंचवीसला जोझेनिल्दो विटा आणि गवंडी घेऊन हजर झाला. मावशी छपरावरून खाली वाकली आणि किल्ली त्याच्या पायाशी टाकली.

"ही तुमची किल्ली. घाला भिंत," ती म्हणाली.

त्याला काही उमगेना. त्याने वर पाहिलं, मग आपल्या गवंड्याकडे पाहिलं. पण आणलेल्या विटा परत कोण नेणार, त्याने भिंत घातली.

जुलैत एका संध्याकाळी मावशीच्या नव्या दारावर, म्हणजे वरच्या गल्लीच्या बाजूने, थाप पडली. पंचविशीतली एक बाई, पोट सात महिन्यांचं, एकशे चाळीस पायऱ्या चढून लाल झालेली. मावशीने आधी तिला पाणी दिलं.

"मी रोझिवानिया. नर्स आहे. इसार द्यायच्या आधी तुम्हाला घर दाखव, असं बसमध्ये तिघींनी सांगितलं."

"कुठलं घर?"

"खालच्या गल्लीत, एकशे बारा नंबर. तळमजला. वर एक मजला आहे पण त्याला जिनाच नाही म्हणे. कुणीतरी म्हातारी राहते, ती लवकरच सोडेल आणि मग तोही स्वस्तात मिळेल, असं मालक सांगत होता."

"अस्सं," मावशी म्हणाली. "घोट घोट पी पाणी. उद्या सहाला येते मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला ती वळसा घालून खालच्या गल्लीत उतरली. जोझेनिल्दो दारातच होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला, पण गिऱ्हाईकच तिला घेऊन आलंय म्हटल्यावर बोलणार काय. मावशीने लिंबू ठेवलं. हललं नाही. भिंती ठोकून पाहिल्या, कोपरे हुंगले.

"घर चांगलं आहे, पोरी," ती म्हणाली. "बांधणारा माणूस प्रामाणिक होता. स्वयंपाकघरात खिडकीखाली थोडी ओल आहे, ती धरून किंमत कमी करून माग. आता नळ सोड."

रोझिवानियाने नळ सोडला. पाणी धो धो आलं. जोझेनिल्दोचा जीव भांड्यात पडला.

"बघा, सहा वाजताही केवढं पाणी," तो म्हणाला.

"टाकी मोठी आहे ना. कुठे आहे ती टाकी?" मावशीने विचारलं.

"वर."

"वर कुणाच्या?"

त्याने वर पाहिलं. रोझिवानियाने त्याच्याकडे पाहिलं आणि मग मावशीकडे, आणि ती म्हातारी कोण ते तिला तेव्हा कळलं.

"टाकी माझ्या काकाची आहे," जोझेनिल्दो म्हणाला.

"काकांचीच आहे. छप्पर माझं आहे. कागद वाचा."

"एकोणीस वर्षं ती तिथेच आहे, मावशी."

"माझ्या मेहेरबानीने," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. तीस वर्षं गर्दीच्या बसमध्ये काढलेल्या बाईला आवाज चढवावा लागत नाही. "आणि टाकी धुवायला, तोटी बदलायला वर जायचं तर जिना होता. त्याच्यापुढे तुम्ही भिंत घातलीत."

रोझिवानियाने नळ बंद केला. "टाकीचं कागदात नसेल तर मी घेत नाही हे घर," ती म्हणाली. पोटावर हात ठेवून ती दाराकडे निघालीसुद्धा.

"थांब गं, पोरी. घर टाकू नकोस, चांगलं आहे," मावशीने तिला थांबवलं. मग जोझेनिल्दोकडे वळली. त्याचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला होता.

"किती घ्याल?" त्याने विचारलं.

"पैसे नकोत. दोन ओळी लिहायच्या. खालच्या घराची टाकी वरच्या छपरावर कायम राहील, घर कुणीही घेवो. आणि बावीस पायऱ्यांवरून वरच्या घरच्यांची ये-जा कायम राहील, घर कुणीही घेवो. भिंत आणि फाटक तुम्ही तुमच्या खर्चाने काढायचं."

"तुम्हाला तर वरून रस्ता झालाय. जिना कशाला हवा आता?"

"मला हवाय," मावशी म्हणाली.

शनिवारी मंडळाच्या कार्यालयात कागद झाला. बसायला जागा नव्हती, माणसं खिडकीतून डोकावत होती. क्रेउझा साक्षीदार म्हणून पुढच्या खुर्चीत, केसांत फूल माळून. मंडळाच्या चिटणिसाने कागद मोठ्याने वाचला. सगळ्यांनी मान डोलावली. जोझेनिल्दोने सही केली, मान वर न करता. मावशीने लेखणी हातात घेतली आणि थांबली.

"दुसरी ओळ परत वाचा," ती म्हणाली.

चिटणिसाने परत वाचली. बावीस पायऱ्या. कायम. मावशीने सही केली, आणि कार्यालयात जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो मी बाहेर उभा राहून ऐकलाय.

सगळे वरच्या गल्लीने क्रेउझाकडे जेवायला निघाले. मावशी म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. ती एकटी खालच्या गल्लीने गेली. भिंत पाडलेली होती, विटांचा चुरा अजून अंगणात पडला होता. एकोणीस वर्षं ती या पायऱ्या घाईघाईने चढली होती, परक्याच्या घरातून जाताना माणूस चालतो तशी. आज ती सर्वांत खालच्या पायरीवर बसली, भिंतीच्या बाजूला थोडी जागा सोडून.

"काका, लिहून घेतलं हो," ती म्हणाली. "राग मानू नका."

मग उठली आणि सावकाश, एक एक पायरी मोजत, आपल्या जिन्याने वर गेली.